अर्ज क्रमांक ११८, दुसऱ्या फाटकासाठी

पाच मिनिटं दिलीत, आभार.
घंटी वाजली की थांबेन.
शाळेत तीस वर्षं ती मीच वाजवत होते.

मी नायरी पॅस्को. ग्लेनकेर्न रोड, एकोणीस नंबर,
डनीडनच्या त्या चढावर, जिथं पोस्टमनसुद्धा
सायकल हातात धरून येतो.
घर कोपऱ्यावरचं. पुढे चढ,
मागे फिंच लेन, ताटासारखी सपाट.
आणि फाटक एकच, तेही चढाकडे.

नियम वाचलाय मी: एका घराला एक फाटक.
वाचलाय आणि पटलाय.
जो तो फुटपाथची कडा फोडत सुटला
तर पायी जाणाऱ्यानं जायचं कुठून?

पण माझा भाऊ मर्व्हिन,
ज्यानं पस्तीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक हाकला
ब्लफपासून पिक्टनपर्यंत, शिट्टी वाजवत,
गेल्या मेपासून त्याची उजवी बाजू
त्याचं ऐकत नाही.
व्हॅनला मागून उघडणारी फळी बसवून घेतली.
चढावर ती उघडली की
खुर्ची उतरत नाही, निसटते.
जूनमध्ये दंव गोठलं होतं. मी खुर्चीमागे, तो खुर्चीत,
दोघांचं मिळून वय एकशे एकेचाळीस,
आणि आम्ही थेट गॅलब्रेथांच्या कुंपणात.
फार लागलं नाही.
त्यांचं हायड्रेंजिया मोडलं, ते मी भरून दिलं.

ते बघा गॅलब्रेथ, शेवटच्या रांगेत.
हरकत त्यांचीच आहे.
जिथली कडा मला उतरवून हवीय
तिथं सोळा वर्षं त्यांची कॅराव्हॅन उभी असते.
जानेवारीत दहा दिवस ती तळ्यावर जाते,
बाकी वर्षभर तळ्याची वाट बघते.
मी दोष देत नाही.
जागेची सवय माणसाला होते, तशी चाकांनाही.

तुमच्या फर्गसनं टेप लावून पाहिली.
झाडापासून फाटकापर्यंत हवेत अडीच मीटर,
भरले दोन चाळीस.
म्हणजे एवढंच, हे बघा, माझी वीतसुद्धा नाही.
मी त्याला म्हटलं, बाळा, झाड वाढतंय,
तुम्ही उशीर केलात तर दहाचे अकरा होतील.
तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं.

काय विचारलंत, मिस्टर टिपेने?
ही गरज कायमची आहे का?

थोडं पाणी मिळेल?

नाही. कायमची नाही.
डॉक्टरीणबाईंनी एक आकडा सांगितलाय,
तो इथं उच्चारत नाही.
तुमचं इतिवृत्त छापून येतं,
आणि मर्व्हिन हल्ली हाती लागेल ते वाचतो.

तेव्हा असं करा. फाटक उसनं द्या.
कडा उतरवायला एक दिवस लागतो,
पुन्हा चढवायलाही एकच.
दोन्हीचे पैसे मी आजच भरते.
मग ती कॅराव्हॅन खुशाल येऊ दे तिच्या जागी,
मागे उभी राहून मीच हात दाखवीन,
अजून, अजून थोडी, बस.

हो. ऐकली घंटी.

*

पत्र सातव्या आठवड्यात आलं.
रुंदी तीनऐवजी दोन मीटर नव्वद.
झाडास धक्का लागता कामा नये.
परवानगी पाच वर्षांपुरती,
तदनंतर कडा स्वखर्चाने पूर्ववत करावी.

मर्व्हिननं कागद डाव्या हातात धरला,
दोनदा वाचला,
आणि अर्ध्या तोंडानं हसला,
घाटात समोरच्यानं आधी दिवे मंद केले
की हसायचा, तसा.

"पाच?" म्हणाला. "त्या बाईपेक्षा
कौन्सिल बरीच सढळ आहे."

मग बराच वेळ खिडकीतून
फिंच लेनकडे बघत राहिला.
कॅराव्हॅन अजून हलली नव्हती.

"नायरी," म्हणाला,
"काँक्रीट पातळ घालू देऊ नकोस त्यांना."